व्याख्यानमाला बंद करण्यापूर्वी

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: "मी विक्रोळी पूर्वेतील म्हाडाच्या एका जुन्या वसाहतीतील सार्वजनिक मंडळाचा कार्यवाह आहे. आमची व्याख्यानमाला गेली अनेक वर्षे दर जानेवारीत होते. एके काळी पटांगण भरत असे. गेल्या वर्षी निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या आणि आलेले बहुतेक श्रोते साठी ओलांडलेले होते. कार्यकारिणीतील तरुण म्हणतात की, व्याख्यानमाला बंद करून त्या खर्चात ऑर्केस्ट्रा ठेवावा. दुसरीकडे वसाहतीतील वातावरण बिघडत चालले आहे. पुनर्विकासावरून एका इमारतीच्या सभेत हमरीतुमरी झाली, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज वाद होतात आणि वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत. कांजूरच्या कचराभूमीच्या वासाने सगळेच त्रस्त आहेत, पण एकत्र येऊन कोणी काही करत नाही. व्याख्यानांनी यात काही फरक पडेल, की काळच बदलला आहे? शिवाय आमच्या एका दिवंगत संस्थापकांच्या कुटुंबाने व्याख्यानमालेसाठी दिलेली मुदत ठेव आहे. तिच्या व्याजाचे काय करावे? सोबत गेल्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका जोडत आहे."

कार्यवाह महोदय,
सप्रेम नमस्कार.

व्याख्यानाला माणसे येत नाहीत आणि वसाहतीत माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, अशा दोन तक्रारी तुम्ही मांडल्या आहेत. तुम्हाला त्या वेगळ्या वाटतात; मला मात्र त्यांचे मूळ एकच दिसते, आणि तुम्ही जोडलेल्या पत्रिकेमुळे माझे ते मत अधिक पक्के झाले. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ देऊन सत्कार, देणगीदारांचा गौरव, अध्यक्षांचे मनोगत, मुख्य व्याख्यान, आभारप्रदर्शन, पसायदान असा तिचा क्रम आहे. तीन दिवसांच्या या पत्रिकेत श्रोत्याने तोंड उघडावे अशी एकही जागा मला सापडली नाही. तणावमुक्त जीवन, शिवरायांचे व्यवस्थापनकौशल्य आणि ज्येष्ठांचे आरोग्य हे तुमचे विषय चांगलेच आहेत, परंतु ही तिन्ही व्याख्याने एक शब्दही न बदलता नाशिकला किंवा नागपुरात देता आली असती. ज्या माणसाच्या घरात रात्री अकरा वाजता कचऱ्याचा वास शिरतो आणि ज्याच्या इमारतीचा करार अडकून पडला आहे, त्याने कामावरून परतल्यावर कपडे बदलून पुन्हा खाली यावे, असे त्या पत्रिकेत त्याला काय दिसले असते?

म्हणून माझे उत्तर असे आहे की, व्याख्यानमाला बंद करू नका, पण आहे तशी पुढे चालवूही नका. व्याख्यान आटोपशीर करा, ते वसाहतीच्या एखाद्या खऱ्या प्रश्नावर ठेवा, निम्मा वेळ श्रोत्यांना द्या आणि त्या संध्याकाळी जे ठरेल त्याचे पुढे काय झाले हे सांगण्यासाठी महिन्याभराने पुन्हा जमा.

तरुणांना व्याख्याने आवडत नाहीत, हे मला पटत नाही. तीच मुले लोकलमध्ये कानात इअरफोन घालून दोन-दोन तासांच्या मुलाखती ऐकतात. उत्तम वक्ता ही आता दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. तो फोनवर फुकट मिळतो, मध्येच थांबवता येतो आणि कंटाळा आला तर बदलताही येतो. त्या स्पर्धेत तुमचे मंडळ उतरले तर ते हरणारच, मग तुम्ही कितीही मोठे मानधन देऊन नामवंताला आणा. फोनवर जे मिळत नाही ते वेगळेच आहे. शेजारच्या इमारतीतील माणसाच्या डोळ्यांना डोळा भिडवून त्याचे म्हणणे पूर्ण ऐकणे, जबाबदार अधिकाऱ्याला चारचौघांसमोर प्रश्न विचारणे आणि 'हे मी करीन' असे सगळ्यांच्या साक्षीने म्हणणे, या गोष्टी फक्त तुमच्या पटांगणातच घडू शकतात.

काळ बदलला का, असे तुम्ही विचारता. या शहरातील व्याख्यानांची परंपरा मुळात बोलण्या-करण्याची होती. निव्वळ ऐकण्याची सवय नंतरची. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली आणि तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा सुरू झाल्या. एखाद्या सभासदाने निबंध वाचायचा आणि इतरांनी त्यावर चर्चा करायची, अशी तिथली रीत होती. स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला, त्यावर वाद झाले आणि १८४९ मध्ये त्याच मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या. ज्यांनी सभेत भाषणे केली त्यांनीच स्वतःचा वेळ काढून त्या शाळांत शिकवले, आणि तरुण दादाभाई नौरोजी त्यांच्यापैकी एक होते. निबंधावर टाळ्या वाजवून सभा घरी गेली असती, तर त्या शाळा निघाल्या असत्या असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण परळचे आहे. ९ मार्च १९२४ रोजी दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक सभा बोलावली. अस्पृश्य समाजाच्या अडचणी सरकारपुढे मांडण्यासाठी मध्यवर्ती संस्था असावी की नाही, याचा विचार करणे हा सभेचा हेतू होता. त्यातून त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली आणि १९२५ मध्ये तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सभा बोलावणाऱ्यांनी लोकांसमोर एक प्रश्न ठेवला होता आणि त्याचे उत्तर वर्षाच्या आत विटा-मातीत उभे राहिले. गिरणगावातही नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी वाचनालये आणि रात्रशाळा चालवल्या. तिथे ज्ञान देणे आणि माणसे एकत्र आणणे ही दोन वेगळी खाती नव्हती.

पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचे नाव तुमच्या तरुणांनीही ऐकले असेल. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली ही माला आजही चालू आहे. तुमच्या जवळचे उदाहरण हवे असेल तर विलेपार्ल्याकडे पाहा. १९२३ मध्ये तिथे लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला आणि संघाच्या टिळक मंदिर या वास्तूत व्याख्यानांबरोबर ग्रंथालय आणि इतर कामेही चालत आली. म्हणजे माणसे व्याख्यानापुरती आली नाहीत. त्यांना त्या वास्तूत वर्षभर येण्याचे कारण होते.

आता तुमच्या यंदाच्या मालेकडे येतो. विषय मी तुमच्याच पत्रातून निवडतो: कांजूरमार्गचा वास.

तुमच्या मनात कदाचित पुनर्विकास आधी आला असेल, कारण भांडणे त्यावरून आहेत. त्याच कारणासाठी त्यापासून सुरुवात करू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. पुनर्विकासाच्या बाबतीत तुमच्या वसाहतीतील बहुतेक माणसांनी बाजू आधीच घेतलेल्या आहेत, आणि पहिल्याच कार्यक्रमात तो विषय काढलात तर एक गट व्यासपीठाच्या डावीकडे बसेल व दुसरा उजवीकडे. वासाच्या बाबतीत मात्र सगळी वसाहत एका बाजूला आहे. ज्यांनी गेले वर्षभर एकमेकांना नमस्कार केलेला नाही, त्यांच्याही घरात तो सारखाच शिरतो. एकमेकांचे ऐकून घेण्याची सवय मोडली असेल तर ती अशा सोप्या जागी पुन्हा लावून घ्यावी लागते. अवघड विषय त्यानंतर.

या विषयात सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि लोकांना त्यातले फार थोडे माहीत असते. मुंबईत रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा निघतो. त्यातला बहुतांश तुमच्या शेजारी कांजूरला येतो आणि उरलेला देवनारला जातो, जिथे १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. कांजूरला बायोरिॲक्टर पद्धतीने कचरा कुजवून त्यातील वायू गोळा केला जातो. ओला कचरा हवेशिवाय कुजू लागला की मिथेन तयार होतो, त्याला वास नसतो. नाकाला झोंबणारा वास हायड्रोजन सल्फाइडसारख्या इतर वायूंचा असतो. कचरा उघडा किती वेळ राहतो, वारा कोणत्या दिशेने आहे आणि पावसाळ्यात काय बदलते, यावर तुमच्या खिडकीत काय येते ते ठरते. कायद्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील सुमारे १२० हेक्टर जागा संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला आणि पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. याचा अर्थ काय आणि उद्या कचराभूमी हलवायची झाली तर मुंबईचा कचरा कोणाच्या शेजारी जाईल, हा प्रश्न तुमच्या पटांगणात मोकळेपणाने विचारला गेला पाहिजे. त्याचे सोपे उत्तर नाही, आणि तसे वक्त्याने सांगितले तर श्रोत्यांचा त्याच्यावरचा विश्वास वाढेल.

यासाठी नामवंत वक्त्याची गरज नाही. जवळच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे एखादे प्राध्यापक शोधा. चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात मराठी विज्ञान परिषदेचे कार्यालय आहे. १९६६ पासून ही संस्था मराठीतून विज्ञान सांगण्याचेच काम करते, त्यांना पत्र लिहा. दुसरे निमंत्रण महापालिकेच्या भांडुप येथील एस विभाग कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे द्या, त्याची पोच घ्या आणि घनकचरा व्यवस्थापन खात्याचा अधिकारी पाठवण्याची विनंती करा. अधिकारी आले नाहीत तर व्यासपीठावर त्यांची खुर्ची रिकामी ठेवून त्यांचा पाणउतारा करू नका. त्यांना विचारायचे प्रश्न लिहून काढा आणि मंडळाच्या पत्रासोबत पाठवा. पुढच्या वेळी ते येण्याची शक्यता त्यामुळेच वाढते.

व्याख्यान चाळीस मिनिटांचे असावे. हे वक्त्याला निमंत्रणातच लिहून कळवा, कारण आयत्या वेळी चिठ्ठी पुढे सरकवणे दोघांनाही अवघड जाते. परिचय दोन वाक्यांचा करा. सत्कार हवाच असेल तर पुष्पगुच्छाऐवजी एक पुस्तक द्या आणि देणगीदारांची नावे फलकावर लिहा. त्यांचा मान त्यामुळे कमी होत नाही. गेल्या वर्षीच्या पत्रिकेप्रमाणे साडेसहाचा कार्यक्रम मुळात सुरू किती वाजता झाला असेल आणि वक्ता बोलायला उभा राहीपर्यंत किती जणांनी घड्याळ पाहिले असेल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला आहे.

साडेसहाची वेळही मला योग्य वाटत नाही. त्या वेळी नोकरी करणारा माणूस अजून गाडीत असतो आणि घरी असलेली बाई स्वयंपाकाच्या तयारीत असते. म्हणजे ती वेळच निवृत्त पुरुषांसाठी राखून ठेवल्यासारखी होते, आणि मग तेवढेच आले म्हणून आपण हळहळतो. रविवारी सकाळी दहाची वेळ ठेवून पाहा, किंवा शनिवारी रात्री साडेआठची. मात्र ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर परवानगी नाही, हे लक्षात ठेवा. पाण्याची वेळ कोणती, हे इमारतीतील बायकांना विचारून मग ठरवा. हा तपशील किरकोळ नाही. पाणी येण्याच्या वेळी ठेवलेल्या सभेत स्त्रिया येणार नाहीत आणि त्यांच्याशिवाय झालेल्या चर्चेत ओला-सुका कचरा वेगळा करण्याचे ठराव पुरुष करतील, जो प्रत्यक्षात वेगळा करण्याचे काम बहुतेक घरांत त्या करतात.

खुर्च्या अर्धगोलात मांडा, म्हणजे श्रोत्यांना एकमेकांचे चेहरे दिसतील. आत येतानाच प्रत्येकाच्या हाती एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल द्या. माइक हातात घेऊन उभे राहण्याचे धैर्य सर्वांना नसते आणि ज्यांना ते असते त्यांचेच प्रश्न सर्वांत महत्त्वाचे असतात असे नाही. व्याख्यान संपताना चिठ्ठ्या गोळा करा, एकसारखे प्रश्न एकत्र लावा आणि निम्मे प्रश्न चिठ्ठ्यांतून, निम्मे समोरून घ्या. समोरून येणारा पहिला प्रश्न एखाद्या स्त्रीचा किंवा महाविद्यालयीन मुलाचा असावा, याची आधी थोडी काळजी घ्या. पहिला प्रश्न नेहमीच्याच ज्येष्ठांनी विचारला की पुढचे प्रश्नही बहुधा तिकडूनच येतात, हे मी अनेक सभांतून पाहिले आहे.

सूत्रसंचालकाची निवड मात्र विचारपूर्वक करा. आपल्याकडे सूत्रसंचालन म्हणजे शेरोशायरी आणि सुभाषिते असा समज झाला आहे. तुम्हाला हवे आहे ते वेगळे कौशल्य. प्रश्न विचारायला उठलेला माणूस भाषण करू लागला तर त्याला न दुखावता 'आपला प्रश्न एका वाक्यात सांगाल का?' असे म्हणता आले पाहिजे, आणि आवाज चढू लागला तर दोन्ही बाजूंचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगून 'मी बरोबर समजलो का?' असे विचारता आले पाहिजे. एखाद्या शाळेतील निवृत्त मुख्याध्यापिका किंवा कामगार संघटनेत काम केलेले कोणी तुमच्या वसाहतीत निश्चित असेल. ती व्यक्ती मंडळाची पदाधिकारी नसली तर अधिक बरे.

व्याख्यान मराठीतच असू द्या, परंतु प्रश्न कोणत्याही भाषेत विचारता येईल असे पत्रिकेवर छापा. तुमच्या वसाहतीत आता भाड्याने राहणारी हिंदी आणि तमिळ भाषक कुटुंबेही असतील आणि आपलीच इंग्रजी शाळेतील मुले असतील, ज्यांना मराठी उत्तम समजते पण जाहीर बोलताना संकोच वाटतो. भाडेकरूंना सोसायटीच्या सभेत मत नसते. पटांगणातील चर्चेत त्यांचा आवाज इतरांइतकाच मोठा असला पाहिजे.

'राजकारण नको' असे तुमच्या मंडळात अनेकांचे म्हणणे असेल. त्यामागची भीती मला समजते. पक्षांचे फलक एकदा लागले की मंडळात फूट पडायला वेळ लागत नाही. म्हणून पक्षाचा प्रचार, उमेदवाराचा सत्कार आणि प्रायोजकाचे बॅनर या तिन्ही गोष्टींना नियम करून बंदी घाला. पण कचरा कुठे जावा, रस्ता कधी खोदावा आणि महापालिकेचा पैसा कशावर खर्च व्हावा, हे प्रश्न वर्ज्य केलेत तर मंडळाकडे नागरिकांनी बोलावे असे काही उरणार नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला, तेव्हा गटारापासून दिव्यापर्यंतच्या तक्रारी कोणाकडे न्यायच्या हे अनेक वसाहतींना कळेनासे झाले होते. ज्या वसाहतींना आपसांत बोलून एकत्र मागणी करण्याची सवय होती, त्यांचे अडले तरी कमी अडले. नगरसेवकांना जरूर बोलवा, मात्र त्यांना श्रोता म्हणून पहिल्या रांगेत बसवा आणि शेवटी दहा मिनिटे उत्तरासाठी द्या. उद्घाटक म्हणून बोलावलेला लोकप्रतिनिधी भाषण करून पुढच्या कार्यक्रमाला निघून जातो. ऐकण्यासाठी बोलावलेल्याला थांबावे लागते.

चर्चा संपताना एक गोष्ट ठरली पाहिजे, आणि ती लहान असावी. माझी सूचना वासाच्या नोंदवहीची आहे. प्रत्येक इमारतीतून एका माणसाने नाव द्यावे. वास आला की त्याने तारीख, वेळ, वास सौम्य होता की असह्य आणि किती वेळ टिकला, एवढेच एका वहीत लिहावे आणि त्याच वेळी महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही शेजारी टाकावा. 'आमच्याकडे रोज वास येतो' हे वाक्य कोणताही अधिकारी ऐकून सोडून देऊ शकतो; वीस इमारतींतील महिन्याभराच्या नोंदी, ज्यांत मंगळवारी रात्री साडेदहाला सर्वांनी एकाच वेळी तीच गोष्ट लिहिली आहे, त्या तशा सोडता येत नाहीत. जोडीला माहितीच्या अधिकाराखाली परिसरातील हवेच्या मोजणीचे अहवाल मागवा. आणि आपल्या घरातील ओला कचरा वेगळा करण्याबद्दल घनकचरा व्यवस्थापनाचे नियम काय सांगतात, त्यांचे आपल्या इमारतीत किती पालन होते, हेही त्याच वहीत प्रामाणिकपणे लिहिले जावे. आपण पाठवलेल्या मिश्र कचऱ्याबद्दल न बोलता फक्त कचराभूमीबद्दल बोलणे मला योग्य वाटत नाही.

ही वही तरुणांकडे द्या. तुमच्या कार्यकारिणीतील जी मुले ऑर्केस्ट्रा मागत आहेत, त्यांना आजवर मंडळाने खुर्च्या लावणे, वर्गणी गोळा करणे आणि ध्वनिव्यवस्था पाहणे याशिवाय कोणते काम दिले? नोंदी एकत्र करणे, त्यांचा तक्ता काढणे आणि पुढच्या बैठकीत तो सर्वांसमोर मांडणे हे त्यांच्या हातचे काम आहे. आपण मिळवलेली माहिती वडीलधारी माणसे मान खाली घालून वाचत आहेत, हे पाहिलेला मुलगा पुढच्या वर्षी व्याख्यानमालेला 'म्हाताऱ्यांचा कार्यक्रम' म्हणणार नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वाद होऊ नयेत म्हणून तो बंद करण्याची गरज नाही. कार्यक्रमानंतर दोन दिवसांत एका पानाचे टिपण त्यावर टाका: कोणते प्रश्न आले, काय उत्तरे मिळाली, कशाचे उत्तर मिळाले नाही आणि कोणी काय करायचे ठरले. वाद सुरू झाला तर 'हा मुद्दा पुढच्या रविवारी घेऊ' एवढेच कार्यवाहांनी लिहावे. समोरासमोर बोलण्याची तारीख ठरलेली असली की माणसे थोडी सांभाळून लिहितात.

असे दोन-तीन कार्यक्रम झाल्यावर पुनर्विकास घ्या, आणि तोही एका संध्याकाळी उरकू नका. पहिल्या दिवशी एखाद्या वास्तुविशारदाने चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येते याचे प्रमाण, कसा मोजतात आणि म्हाडा वसाहतींना लागू होणारा विकास नियमावलीतील ३३(५) हा नियम काय देतो, हे फळ्यावर आकडे मांडून समजावून सांगावे. दुसऱ्या दिवशी सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालील शासननिर्देशांप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा कशी घ्यायची, तिचे चित्रीकरण का करायचे, भाडे, कॉर्पस (रहिवाशांना मिळणारा एकरकमी निधी) आणि बँक हमी करारात कशी लिहून घ्यायची, महारेरा या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे नोंदणी केव्हा लागते, हे जाणकाराने सांगावे. यासाठी १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेला विचारता येईल. तिसऱ्या दिवशी ज्या सोसायटीचे काम पूर्ण झाले आहे तेथील आणि जिथे ते रखडले आहे तेथील, अशा दोन्ही ठिकाणच्या रहिवाशांना बोलवा. एक पथ्य कसोशीने पाळा: ज्याला तुमच्या वसाहतीत काम मिळवायचे आहे असा विकासक, सल्लागार किंवा वकील वक्ता म्हणून नको, आणि त्याच्या पैशाने चहासुद्धा नको.

या चर्चेने सर्वांचे एकमत होईल, असे मी सांगणार नाही. ज्या माणसाला वृद्ध आईला घेऊन तीन वर्षे भाड्याच्या घरात राहण्याची भीती वाटते आणि ज्याला दोन मुलांसाठी मोठे घर आजच हवे आहे, त्या दोघांची मते व्याख्यान ऐकून एक होणार नाहीत. पण पहिल्याला हाव सुटली आहे आणि दुसऱ्याला विकासकाने विकत घेतले आहे, हे जे ते आज एकमेकांबद्दल बोलतात, ते एकमेकांची अडचण समोरासमोर ऐकल्यावर बोलणे कठीण होते. मतदान त्यानंतरही होईल, कोणीतरी हरेलही. हरलेला माणूस जिन्यात भेटल्यावर तोंड फिरवणार नाही, इतके साधले तरी तुमच्या मंडळाने मोठे काम केले असे मी म्हणेन.

पहिल्या कार्यक्रमाला किती माणसे येतील, याची फार चिंता करू नका. चाळीस माणसे आली आणि त्यांत पंधरा इमारतींतील लोक असले, तर एकाच इमारतीतील दोनशेंपेक्षा ते मला जास्त मोलाचे वाटतात. पत्रिका छापून दारात सरकवण्यापेक्षा प्रत्येक इमारतीत एकाने पाच घरांत जाऊन 'तुमचा या विषयावर काय प्रश्न आहे?' असे विचारावे आणि तो लिहून आणावा. ज्याचा प्रश्न लिहून नेला आहे, तो माणूस उत्तर ऐकायला येतो.

राहिला ऑर्केस्ट्रा आणि ठेवीचा प्रश्न. ऑर्केस्ट्राला माझा विरोध नाही. वसाहतीने एकत्र गाणी ऐकावीत, मुलांनी नाचावे, त्यासाठी गणेशोत्सवात एक रात्र ठेवा आणि वेगळी वर्गणी काढा. ठेवीच्या व्याजाला मात्र हात लावू नका. ते पैसे दात्याने व्याख्यानमालेसाठी दिले आहेत आणि तुमचे मंडळ सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असेल, तर विशिष्ट हेतूसाठी मिळालेला निधी कार्यकारिणीच्या साध्या ठरावाने दुसरीकडे वळवता येत नाही. त्याबाबत तुमच्या लेखापरीक्षकांचा लेखी सल्ला घ्या. माला नव्या स्वरूपात चालू ठेवली तर हेतू बदलत नाही, त्यामुळे ती अडचण येणारच नाही. तरीही त्या कुटुंबाला भेटून बदल समजावून सांगा आणि पहिल्या कार्यक्रमाला बोलवा. वक्त्यांना आता जाण्या-येण्याच्या खर्चापलीकडे मोठे मानधन द्यावे लागणार नाही, तेव्हा उरलेल्या व्याजातून वह्या, टिपणांच्या प्रती आणि एक चांगला फिरता माइक घ्या. माइक दोन घेता आले तर उत्तम, कारण एक व्यासपीठावर अडकून पडतो.

आपला,
सल्लागार